दांडीतला पीळ आत जातो कसा? अठराव्या शतकातले इंग्लिश वाइन ग्लास

भट्टीकर

अठराव्या शतकातला इंग्लिश वाइन ग्लास उजेडाकडे धरला की दांडीच्या आत पांढऱ्या दोऱ्यांची वेणी दिसते. दोरे बाहेरून हाताला लागत नाहीत, म्हणजे ते रंगवलेले नाहीत. मग एवढ्याशा दांडीत ते घातले कसे, हा प्रश्न जुन्या काचेच्या प्रत्येक धाग्यावर कधी ना कधी निघतो. म्हणून हा वेगळा धागा.

शब्द आधी ठरवून घेऊ. वर वाटी, मध्ये दांडी, खाली बैठक.

दांडीत कुणी काही घालत नाही. आधी मनगटाएवढा जाड दांडा बनतो, दोरे त्यात असतात, आणि मग तो दांडा ओढून बोटाएवढा केला जातो. रेवडीचा पाक ओढतात आणि पिळतात, तसाच प्रकार.

कृती अशी. एक उभा गोल साचा, आतल्या भिंतीला उभ्या खाचा. खाचांमध्ये दुधी काचेच्या कांड्या उभ्या करायच्या. कांड्या आधी चांगल्या तापवलेल्या हव्यात, नाहीतर गरम काच टेकताच तडकतात. लोखंडी गजावर पारदर्शक काचेचा गोळा घेऊन साच्यात दाबायचा, कांड्या त्याला बाहेरून चिकटतात. गोळा बाहेर काढून पुन्हा तापवायचा, लोखंडी पाट्यावर लाटून कांड्या बसवून घ्यायच्या आणि वरून पारदर्शक काचेचा आणखी एक थर घ्यायचा. आता कांड्या आत गेल्या. मोकळ्या टोकाला दुसरा गज चिकटवायचा. एक जण जागेवर उभा, दुसरा मागे मागे चालतो, आणि ओढताना गज फिरत राहतो.

आकडे घेऊन बघा. ५ सेंमी जाड आणि १० सेंमी लांब दांडा ओढून १ सेंमी जाड केला, तर जाडी पाचव्या हिश्श्यावर आली, छेदाचं क्षेत्रफळ पंचविसाव्या हिश्श्यावर आलं, म्हणून लांबी पंचवीसपट. अडीच मीटर. दोन्ही टोकांचं वेडंवाकडं सोडलं तरी ७ सेंमीच्या तीसेक दांड्या निघतात. ५ मिमीची दुधी कांडी आत १ मिमीचा दोरा होते. कांड्यांची मांडणी मात्र जशीच्या तशी राहते, फक्त आकसते.

मधोमध जाळी आणि तिच्याभोवती आणखी दोन फिती असा दुहेरी पीळ असेल, तर हेच काम दोनदा. आधी जाळीचा दांडा तयार करायचा, तो गाभा म्हणून दुसऱ्या, मोठ्या साच्यात, भोवती नव्या कांड्या, पुन्हा काचेचा थर, पुन्हा ओढणं. दुसऱ्या वेळी त्याच दिशेला पिळलं तर आतली जाळी आणखी घट्ट होते, उलट दिशेला पिळलं तर सैल पडते. कारागिराला हे आधीच धरून चालावं लागे.

बिघडतं कुठे? दांडा एका बाजूने जास्त तापला की तिथे तो आधी मऊ होतो, सगळा पीळ तिथेच गोळा होतो आणि बाकीच्या लांबीत दोरे जवळजवळ सरळ राहतात. कांडी आणि काच नीट सांधली नाही तर दोऱ्यालगत बारीक बुडबुड्यांची रांग दिसते. सगळ्यात वाईट म्हणजे दुधी काच आणि पारदर्शक काच थंड होताना सारख्या प्रमाणात आकसल्या नाहीत तर दांडी आतून फुटते, कधी लगेच तर कधी काही दिवसांनी. म्हणून दुधी काचही त्याच शिसेदार घाण्याची (घाणा म्हणजे काचेसाठी वितळवायचं कच्चं मिश्रण), कथिलाचं ऑक्साइड किंवा शिसं आणि सोमल यांच्या संयुगाने पांढरी केलेली.

मृद्गंध_८

छान धागा. दोन शंका. काही ग्लासांत दोरे पांढरे नसून चांदीसारखे चमकतात. त्यात पारा भरलेला असतो असं विक्रेते सांगतात. खरं का? आणि पीळ कधी कधी वाटीच्या बुडापर्यंत वर चढलेला दिसतो, तो कसा?

भट्टीकर

पारा वगैरे काही नाही, नुसती हवा. इंग्रजी व्यापारात ठळक हवेच्या पिळाला ‘मर्क्युरी ट्विस्ट’ म्हणायची पद्धत पडली आणि तिथून हा समज पसरला. काचेतून हवेच्या पोकळीवर तिरका पडलेला उजेड पूर्ण परावर्तित होतो, म्हणून ती चांदीसारखी दिसते.

हवेचा पीळ पांढऱ्याच्या आधीचा, साधारण १७४० पासून. गोळा मऊ असताना त्यात टोकदार हत्याराने गोलाकार खड्डे पाडायचे, किंवा आत खिळे असलेल्या साच्यात गोळा दाबायचा. लगेच वरून काचेचा दुसरा थर. खड्ड्यांची तोंडं बंद होतात आणि हवा आत कोंडली जाते. ओढलं की बुडबुड्याची नळी होते, पिळलं की नळीचा मळसूत्री दोरा. दुसरा थर घ्यायला उशीर झाला तर खड्डे भरून येतात. थर फार गरम आणि पातळ असला तर तो खड्ड्यात उतरतो आणि दोरा मध्येच तुटतो.

दुसऱ्या शंकेचं उत्तर बांधणीत आहे. काही ग्लास दोन भागांचे असतात. वाटीच्या बुडाशी जाड काच ठेवून तीच खाली ओढून दांडी काढलेली असते, कर्ण्याच्या आकाराची वाटी असते ती बहुतेक अशीच. अशा ग्लासात हवेचे खड्डे वाटीच्या बुडातच पाडलेले असतात, त्यामुळे दोरे वर पसरून वाटीत विरतात. तीन भागांच्या ग्लासात दांडी आयती तोडून जोडलेली असते, तिथे दोरे सांध्यापाशी कापल्यासारखे थांबतात. पांढरा पीळ जवळजवळ नेहमी तीन भागांचाच, कारण दांडा आधीच बनवून ठेवलेला असतो.

शेंदूरलाल

काचेच्या घाण्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण हा सगळा खेळ शिशाच्या काचेमुळे जमला.

जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ साली लंडनमध्ये स्फटिकासारख्या काचेचं पेटंट घेतलं. त्याचा पहिला माल काही महिन्यांत धुरकट व्हायचा. आत जाळीदार तडे जायचे, पृष्ठभाग घामेजायचा. क्षार जास्त झाला होता आणि त्याला धरून ठेवणारा चुना फार कमी होता. दमट हवेत क्षार बाहेर झिरपतो, पृष्ठभाग आकसतो आणि फुटतो. मग घाण्यात शिशाचं ऑक्साइड आलं, प्रमाण वाढत गेलं आणि काच टिकाऊ झाली. सुधारलेल्या मालावर तो डोमकावळ्याच्या डोक्याची काचेची मोहोर लावत असे. रेव्हन म्हणजे डोमकावळा, आडनावावरूनच.

पुढे रूढ झालेलं ढोबळ प्रमाण वजनाने ३ भाग वाळू, २ भाग शेंदूर, १ भाग पोटॅश. शेंदूर म्हणजे मारुतीला लावायचा जुना, खरा शेंदूर, शिशाचं तांबडं ऑक्साइड. थोडा सोरा आणि लोखंडाची हिरवट झाक मारायला चिमूटभर मँगनीज. मँगनीज जास्त पडलं की काच जांभळट. सुरुवातीला वाळूऐवजी भाजून कुटलेली गारगोटी वापरत, म्हणून इंग्रजीत ‘फ्लिंट ग्लास’ हे नाव चिकटलं, पुढे वाळू आली तरी.

याचा कारागिराला फायदा काय? सोडा-काच, म्हणजे शिशाऐवजी सोडा आणि चुना घातलेली साधी काच, लवकर घट्ट होते, शिशाची काच जास्त वेळ मऊ राहते. दांडा मागे चालत चालत ओढायला सवड मिळते ती त्यामुळे. तोटा असा की भट्टीतला धूर तिला चालत नाही. इंग्लंडात १६१५ पासून काचभट्ट्यांना लाकूड जाळायची बंदी होती, सगळं दगडी कोळशावर. कोळशाच्या धुरात शिशाचं ऑक्साइड धातूत उलटतं आणि काच काळवंडते. म्हणून मुशीवर घुमट आणि तोंड भट्टीबाहेर, अशी झाकलेली मूस वापरत.

काठोकाठ

जोडणीचं राहिलं, ते मी लिहितो.

फुंकनळीवर वाटी फुगवायची. तिच्या बुडाला दांडीचा तुकडा जोडायचा. तुकडा आधी तापवलेला हवा, पण बेताने. फार तापला तर दांडी लोंबते आणि पीळ एका बाजूला कलतो. दांडीच्या खालच्या टोकाला काचेचा छोटा गोळा, तो फिरवत फिरवत लाकडी फळीने पसरला की बैठक. काही वेळा बैठक फुग्यासारखी फुंकून, उघडून पसरत आणि तिची कड आत दुमडत. दुमडलेली कड जाड असल्याने टवके कमी उडतात. ही पद्धत शतकाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त.

आता ग्लास अजून वाटीच्या तोंडाने फुंकनळीला चिकटलेला आहे. बैठकीच्या मधोमध काचेच्या ठिपक्याने भरीव गज चिकटवायचा. हा पोंटिल. मग ग्लास फुंकनळीपासून तोडायचा, वाटीचं तोंड पुन्हा तापवायचं, जास्तीची काच कात्रीने कापायची, चिमट्याने आकार द्यायचा आणि काठ आगीत गोल होऊ द्यायचा. शेवटी गजावर टिचकी, ग्लास सुटतो आणि बैठकीखाली खरबरीत व्रण राहतो. तो टेबलाला लागू नये म्हणून बैठक मध्ये उंच, छत्रीसारखी. शोभेचा त्यात काही संबंध नाही.

बैठक वाटीच्या काठाएवढी किंवा त्याहून रुंद, हा त्या काळचा जवळजवळ नियमच. डोकं जड असलेला ग्लास पडू नये यासाठी.

सगळं झालं की थंड करण्याचा बोगदा. शिशाच्या काचेला साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास ताण सोडायला वेळ द्यावा लागतो, मग हळूहळू खाली. सोडा-काचेला हेच सुमारे ५५० ला. वाटी पातळ, दांडी भरीव, म्हणजे दोन्ही वेगवेगळ्या वेगाने थंड होणार. घाई केली की सांधा जातो, आणि जातो तो नेहमी दांडी जिथे वाटीला भेटते तिथेच.

जकातनाका

पीळ का आला, हे कुणी लिहिलं नाही. १७४५ च्या कायद्याने काचेच्या कच्च्या मालावर वजनाने कर बसला. भारी दांडीचे ग्लास परवडेनात, ग्लास हलके झाले आणि वजन न वाढवता सजावट करायची म्हणून पीळ आला. सरळ आहे.

भट्टीकर

एवढं सरळ नाही. कर १७४६ पासून लागू झाला, हवेचा पीळ त्याच्या आधी सुरू झाला होता. बॅलस्टर म्हणजे गाठीगाठींची जाड दांडी, ती १७२५ च्या सुमारासच मागे पडायला लागली होती. साध्या सडपातळ दांड्याही कराच्या आधीच्या.

कराचा आकडा बघा. हंड्रेडवेटला ९ शिलिंग ४ पेन्स. ९ शिलिंग म्हणजे १०८ पेन्स, अधिक ४, एकूण ११२. इंग्लिश हंड्रेडवेट ११२ पौंडांचा. म्हणजे पौंडाला बरोबर एक पेनी. २०० ग्रॅमच्या ग्लासावर अर्ध्या पेनीहूनही थोडा कमी कर. वाया गेलेला माल धरून थोडा वाढेल. आणि दुहेरी पिळाच्या दांडीला लागणारी मजुरी? कर चुकवायला कुणी अशी किचकट दांडी करणार नाही, साधी सडपातळ करेल. कराने हलकेपणाला रेटा दिला हे मान्य, पण पीळ फॅशनमुळे आला.

जकातनाका

पेनीचा हिशेब मान्य. पण शेवट बघा. १७७७ साली कर दुप्पट झाला आणि दुधी काचही करात आली. १७८० च्या आसपास पांढरा पीळ संपला. आयर्लंडला तेव्हा हा कर नव्हता. १७८० मध्ये तिथला व्यापार मोकळा झाला, १७८३ मध्ये वॉटरफर्डचा कारखाना निघाला आणि जाड, खोल कापाची वजनदार काच तिथे फोफावली. १८२५ साली आयर्लंडवरही कर आला. तेव्हा सुरुवात फॅशनने झाली असेल, चाल मात्र कराने बदलली. इंग्लंडातला कर १८४५ पर्यंत टिकला, शंभर वर्षं.

भट्टीकर

शेवटाबद्दल बरंचसं मान्य. तरी पैलू पाडलेली दांडी १७६० पासूनच बाजारात होती, तिनेही पिळाची जागा खाल्ली.

निवांत_दुपार

हे ग्लास एवढे छोटे का असतात? फोटोत मोठे वाटतात, हातात घेतल्यावर औषधाच्या मापासारखे.

काठोकाठ

फोटोत दांडीच जास्त दिसते, त्याने फसगत होते. अठराव्या शतकातल्या वाइन ग्लासांची सरासरी मापं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६६ मिली निघाली, आणि २०१६-१७ मधल्या ग्लासांची ४४९ मिली. श्रीमंत घरात ग्लास टेबलावर भरून ठेवत नसत. नोकर भरलेला ग्लास आणून देई, पाहुणा तो संपवून परत देई. त्याला चार घोट पुरेत.

मृद्गंध_८

नक्षीबद्दलही येऊ द्या ना कुणीतरी. गुलाबाचं फूल आणि दोन कळ्या कोरलेले ग्लास फार महाग का?

शेंदूरलाल

ते जॅकोबाइट ग्लास, म्हणजे हद्दपार स्ट्यूअर्ट घराण्याच्या पाठीराख्यांचे. गुलाब, कळ्या, ओकचं पान, ‘फियाट’ (लॅटिनमध्ये ‘तसं होवो’) हा शब्द. राजद्रोहाची खूण म्हणून मागणी मोठी, आणि म्हणूनच जुन्या साध्या ग्लासावर नंतर गुलाब कोरून विकण्याचा धंदाही मोठा. ग्लास अस्सल, कोरीव काम नवं. भिंगाखाली बघा. जुन्या कोरीव कामात मळ आणि झीज कडांपर्यंत पोहोचलेली असते, आणि वापराचे ओरखडे कोरीव भागावरूनही गेलेले असतात. ओरखडे नक्षीच्या कडेशी थांबत असतील, तर नक्षी ओरखड्यांनंतरची.

कोरायची तऱ्हा: छोटं तांब्याचं चाक फिरतं, त्याच्या कडेला तेल आणि कुरुंदाची पूड, आणि ग्लास चाकाखाली धरून हलवायचा. चाक जागेवर, ग्लास फिरता. हॉलंडचे कारागीर यात पुढे होते, अ‍ॅमस्टरडॅमचा याकोब सांग सही करत असे. फ्रान्स ग्रीनवुड आणि नंतर डाव्हिड वोल्फ यांनी हिऱ्याच्या टोकाने नुसते ठिपके मारून चित्रं काढली. रेघ एकही नाही, उजेडाला दाट ठिपके आणि सावलीला कोरी काच. त्यांना इंग्लिश पद्धतीची शिशाची काच लागे, कारण ती मऊ. कडक सोडा-काचेला हिऱ्याचा ठोका बसला की टवका उडायची भीती.

रंगकामात न्यूकॅसलचे विल्यम आणि मेरी बेल्बी. पांढरा एनॅमल, म्हणजे भाजल्यावर वितळून चिकटणारा काचेचा रंग, ब्रशने लावून पुन्हा भाजायचा. इथे चूक होण्याची जागा फार अरुंद. एनॅमल वितळायला हवा, पण खालची शिशाची काच मऊ पडायला नको. थोडं जास्त झालं की वाटी कलते, कमी झालं की एनॅमल नंतर पापुद्र्यासारखा सुटतो.

पागोळी

मुंबईत असे दोन-तीन ग्लास ठेवायचे तर पावसाळ्यात काय करावं?

शेंदूरलाल

पागोळीताई, अठराव्या शतकाच्या मध्यातली चांगली शिशाची काच दमटपणाला पुरून उरते. भीती आहे ती आधीच घामेजणाऱ्या काचेला. ती हाताला किंचित बुळबुळीत लागते आणि आत जाळी दिसते. तिला ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या आसपास स्थिर ठेवावं लागतं. बंद काचपेटी, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. गेलेली चमक परत येत नाही.

बाकीच्यांसाठी: वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत ठेवू नका, कागद ओल धरतो. ग्लास उपडा ठेवू नका. वजन काठावर येतं आणि वाटीत दमट हवा कोंडते. धुताना प्लास्टिकचं घमेलं, तळाला टॉवेल, कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, अंगठी काढून. पुसताना बैठक एका हातात आणि वाटी दुसऱ्या हातात धरून उलट दिशांना फिरवू नका. पीळदार दांड्या सगळ्यात जास्त अशाच तुटतात. डिशवॉशर नाहीच. आणि त्यातून प्यायचं तर प्या, पण वाइन रात्रभर ठेवू नका. आंबट पेयात शिसं उतरतं.

निवांत_दुपार

एका ऑनलाइन लिलावात पांढऱ्या पिळाचा ग्लास आहे, वर्णनात ‘इंग्लिश, १७६५ च्या सुमारास’. विक्रेत्याकडून मापं मागवली: उंची १४८ मिमी, वाटीचा काठ ५८ मिमी, बैठक ५२ मिमी, वजन १६८ ग्रॅम. पाण्यात बुडवून टांगल्यावर काटा १०१ ग्रॅम दाखवतो. टिचकी मारली की छान वाजतो म्हणे.

काठोकाठ

पाण्यातलं वजन मागितलंत ते उत्तम केलंत, टिचकीचं सोडून द्या. वाटीचा आकार नीट असला तर सोडा-काचही वाजते.

१६८ वजा १०१ म्हणजे ६७. तेवढे ग्रॅम पाणी ग्लासाने बाजूला सारलं, म्हणून त्याचं आकारमान ६७ घन सेंमी. १६८ भागिले ६७, घनता २.५. इंग्लिश शिशाच्या काचेची घनता ३ च्या आसपास किंवा थोडी वर यायला हवी. याच आकारमानाचा शिशाचा ग्लास २०० ग्रॅमच्या पुढे भरला असता. दांडीत हवेचा पीळ असता तर किंचित फरक धरला असता, पण पांढऱ्या पिळात पोकळी नसते. हा सोडा-काचेचा आहे, इंग्लिश नाही.

मात्र सोडा-काच म्हणजे नवाच, असं लगेच धरू नका. युरोपात त्याच काळात सोडा-काचेत पांढरा पीळ करत होते. तेव्हा आता बैठकीचा फोटो मागा, खालून, तिरक्या उजेडात. काठापेक्षा ६ मिमी लहान बैठक संशयास्पद आहे. एकतर नंतरची नक्कल, नाहीतर टवका उडाला म्हणून कड घासून लहान केलेली. घासलेली कड सपाट आणि धारदार लागते, मूळची आगीत गोल झालेली असते. बैठक जिथे टेकते तिथले ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले हवेत. एकाच दिशेला समांतर असतील तर सँडपेपर. पिळाचा रंगही बघा, जुना पांढरा दाट असतो, नकलेतला पाणी घातलेल्या दुधासारखा. विक्रेत्याकडे यूव्ही टॉर्च असेल तर वाटी आणि दांडीच्या सांध्यावर मारायला सांगा. शिशाची काच निळसर दिसते, सोडा-काच बहुधा हिरवट-पिवळट, आणि सांध्यात डिंक असेल तर तिथे वेगळ्याच रंगाची चकती उजळते.

निवांत_दुपार

बैठकीचा फोटो आला. मधला व्रण घासून गुळगुळीत केलेला आहे, बैठक जवळजवळ सपाट. ओरखडे समांतर.

काठोकाठ

मग शोभेच्या ग्लासाची किंमत लावा, १७६५ ची नको.